गैरहजर माणसाची अमानत

मुलांना लिहा-वाचायला शिकवले म्हणजे शिक्षकाचे काम झाले, असे मानण्याचा काळ मागे पडला. आता नुसते वाचता येणे पुरत नाही. वाचलेले कितपत खरे धरावे, हे ठरवता येणे हाही साक्षरतेचाच भाग झाला आहे. म्हणून एखादे संकेतस्थळ भरवशाचे आहे की नाही, हे कसे ओळखावे याचे धडे शाळेतून द्यावे लागतात. हे धडे बहुतेक ठिकाणी सावधगिरीची एक युक्ती म्हणून दिले जातात. फसू नका, पैसे गमावू नका, प्रकल्पाच्या वहीत चुकीची माहिती उतरवू नका. यात गैर काहीच नाही. परंतु आम्हास असे वाटते की, हा प्रश्न मुळात हुशारीचा नाही, नीतीचा आहे. तो तसा शिकवला नाही, तर आपली मुले हुशार होतील, पण न्यायी होतीलच असे नाही.

लोणखेडा हे शहाद्याला लागून असलेले गाव. येथील उर्दू माध्यमात शिकणारे मूल घरात खानदेशी वळणाची उर्दू बोलते, गल्लीत अहिराणी ऐकते, बाजारात मराठी वापरते आणि मोबाईलवर हिंदी पाहते. 2020 च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर आली, तेव्हा घरातला एकुलता एक मोबाईल मुलांच्या हाती गेला, तो पुन्हा पूर्णपणे परत आला नाही. अशा मुलाच्या लेखी संकेतस्थळ, व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर यांत फरक नसतो. ते सगळे 'नेटवर आहे', एवढेच. त्यातून आणखी एक अडचण उर्दूच्या मुलांची खास आहे. सुबक नस्तालीक अक्षरांत, वर बिस्मिल्लाह लिहून आलेला मजकूर दिसला की मूल तो दीनचाच समजते. या लिपीत त्याने आजवर दीनियातची किताब वाचलेली असते. लिपीची इज्जत आपसूक मजकुराला मिळते, आणि मग औषधाची जाहिरातही हदीससारखी वाचली जाते.

आमच्या शहादा तालुक्यातील टेंभली गावात 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. माणसाची ओळख पटवण्याची ही सोय या तालुक्यातून सुरू झाली. बातमीची ओळख पटवणारा असा क्रमांक मात्र कोणी देऊ शकत नाही. ते काम ज्याचे त्यानेच करायचे असते.

ते कसे करावे हे वर्गात सांगू लागलो की, एक प्रश्न हमखास येतो. "सर, शक करना तो गुनाह है ना?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या मुलाला घरी-दारी नेक गुमान ठेवायला शिकवले आहे, त्याला शाळा शंका घ्यायला सांगते. मग मुलाने कोणाचे ऐकावे?

याचे उत्तर सूरह हुजुरातमध्येच आहे, असे आम्हास वाटते. तेथे दोन हुकूम थोड्याच अंतरावर आले आहेत. सहाव्या आयतीत सांगितले आहे की, भरवसा नसलेल्या माणसाने खबर आणली तर तिची तहकीक करा. बाराव्या आयतीत बदगुमानी करण्यास, लोकांचे दोष हुडकत बसण्यास आणि गीबत करण्यास मनाई आहे. वरवर पाहता एक हुकूम शंका घ्या म्हणतो आणि दुसरा घेऊ नका म्हणतो. पण शंकेचे ठिकाण वेगळे आहे. पहिल्या हुकमात शंका खबरेवर आहे, दुसऱ्यात मनाई माणसाविषयीच्या शंकेला आहे. खबर तपासा, माणसाबद्दल गुमान नेक ठेवा, असा त्यांचा मेळ बसतो. शिवाय तहकीक का करायची याचे जे कारण तेथे दिले आहे, तेही ध्यानात घ्यावे. तुमची फसगत होईल, असे ते कारण नाही. नकळत तुमच्या हातून दुसऱ्यांवर जुलूम होईल आणि मग पस्तावाल, असे आहे.

तफसीरकार या आयतीसोबत बनू मुस्तलिक कबिल्याचा प्रसंग सांगतात. जकात आणण्यासाठी पाठवलेल्या माणसाने कबिल्याचे लोक सामोरे येताना पाहिले. ते स्वागताला येत होते, पण तो घाबरला, अर्ध्या वाटेवरून परतला आणि कबिला जकात नाकारतो, जिवावर उठला आहे, अशी खबर दिली. तहकीक झाली नसती, तर निरपराध लोकांवर फौज गेली असती. त्या खबरेत खरे एवढेच होते की, खबर देणारा घाबरला होता.

ही चौदाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आता आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात 1 जुलै 2018 रोजी काय घडले ते पाहू. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे त्या दिवशी आठवडे बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पाच जण भिक्षा मागत तेथे पोचले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा मोबाईलवरून त्या भागात पसरल्या होत्या. जमावाने त्या पाचांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि जीव जाईपर्यंत मारले. फेब्रुवारी 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या खटल्यात सात जणांना जन्मठेप सुनावली. पाच घरांतली माणसे मातीत गेली आणि सात घरांतली तुरुंगात.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक कराचीची होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसे. मूळ चित्रफीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी जनजागृती करणाऱ्यांनी बनवलेली होती. तिच्या शेवटी तेच दोघे परत येतात, मुलाला सुखरूप उतरवतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा अशा अर्थाचा फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवट कापला. उरलेली चित्रफीत खोटी होती असेही म्हणता येत नाही. तिच्यातले प्रत्येक दृश्य खरेच टिपलेले होते. अर्धवट सत्य पुढे गेले आणि मागे राहिलेल्या अर्ध्यात माणसांचा जीव अडकला होता.

राईनपाड्याच्या जमावाकडे शंका नव्हती असे नाही. शंका भरपूर होती, पण ती उलटी लावलेली होती. मोबाईलवरच्या निनावी मजकुरावर पूर्ण विश्वास आणि समोर हात जोडून उभ्या असलेल्या जित्याजागत्या माणसावर पूर्ण अविश्वास. सूरह हुजुरातचे दोन्ही हुकूम एकाच वेळी मोडले जाणे म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कोठे दिसावे? म्हणून आम्ही वर्गात सांगतो की, 'शंका घेऊ नका' आणि 'शंका घ्या' यांपैकी कोणताही उपदेश एकटा पुरा नाही. शंका कोणावर घ्यायची, हा खरा धडा आहे.

त्याच 1 जुलैच्या रात्री मालेगावातही असाच जमाव जमला होता. परभणीकडून आलेल्या पाच जणांना, ज्यांत एक लहान मूलही होते, मुले पळवणारे समजून लोकांनी घेरले. पण तेथे एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले, काही लोक जमावाच्या आड आले, पोलीस पोचले आणि ते पाचही जण वाचले. ज्यांनी वाचवले त्यांच्यापाशी अफवा खोटी असल्याचा काही पुरावा नव्हता. त्यांनी फक्त एवढे मानले की, पुरावा आरोप करणाऱ्याने द्यायचा असतो, आरोप झालेल्याने नव्हे. संकेतस्थळ पारखण्याचा धडा शेवटी या ठिकाणी येऊन पोचला पाहिजे.

भीती ही खोट्या बातमीची एक वाट झाली. दुसरी वाट आवडीची आहे आणि ती ओळखणे जास्त कठीण. जी बातमी आपल्याला घाबरवते ती निदान केव्हातरी खटकते. जी आपल्याला सुखावते तिला आपण दारातच सलाम करतो.

फातिमा शेख यांचे उदाहरण घेऊ. सावित्रीबाई फुल्यांच्या सहकारी आणि आद्य मुस्लिम शिक्षिका म्हणून त्यांचे नाव आता घरोघर पोचले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. अनेक शाळांतून 9 जानेवारीला त्यांची जयंती साजरी होते. 2022 साली त्याच दिवशी गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र लावले आणि ही त्यांची 191 वी जयंती असल्याचे सांगितले. मग ती तारीख पक्कीच झाली. एका संकेतस्थळाने दुसऱ्याचे पाहून उतरवले, दुसऱ्याने तिसऱ्याचे. मात्र 9 जानेवारी 1831 या तारखेला त्या काळातल्या एखाद्या कागदाचा आधार कोणी पुढे ठेवलेला नाही. दहा ठिकाणी छापले म्हणजे दहा पुरावे झाले, असे होत नाही. दहाही जणांनी एकाचेच पाहून उतरवले असेल, तर पुरावा एकच, आणि तो एकही नसेल तर शून्य.

पुढे जानेवारी 2025 मध्ये पत्रकार-लेखक दिलीप मंडल यांनी समाजमाध्यमावर जाहीर केले की, फातिमा शेख हे पात्र आपणच रचले होते, अशी कोणी बाई होऊनच गेली नाही. हा दावाही तितक्याच वेगाने पसरला. काल जयंतीचा मजकूर डोळे मिटून पुढे पाठवणारे हात आणि आज हा मजकूर डोळे मिटून पुढे पाठवणारे हात वेगळे असतील, पण डोळे दोघांचेही मिटलेलेच होते.

ज्यांनी पुस्तक उघडले त्यांना मात्र उत्तर सापडले. सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव आहे. सावित्रीबाई तेव्हा आजारपणामुळे माहेरी होत्या. आपल्या माघारी कामाचा भार फातिमावर पडत असणार, याची जाणीव त्या पत्रात दिसते. हे पत्र डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथात आहे आणि तो ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1988 साली प्रसिद्ध केला. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी भारतात इंटरनेट सुरू केले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. जे नाव इंटरनेटच्या सात वर्षे आधी छापून आले होते, ते नंतर समाजमाध्यमावर रचले गेले असे कसे म्हणता येईल?

यातून निघणारा धडा दुहेरी आहे. फातिमाबी होत्या, हे खरे. त्यांच्याविषयी संकेतस्थळांवर जे जे लिहिले आहे ते सगळे खरे, असे मात्र नाही. ज्यांनी प्रेमापोटी त्यांच्या अंगावर बिनपुराव्याचे दागिने चढवले, त्यांनीच नकळत नाकारणाऱ्यांचे काम सोपे केले. एक दागिना खोटा निघाला की, लोक गळ्यातल्या खऱ्या सोन्याकडेही संशयाने पाहू लागतात. आपल्या माणसाविषयी खोटी चांगली बात पसरवणे हाही त्या माणसावर जुलूमच आहे. फातिमाबी स्वतः येऊन सांगू शकत नाहीत की, माझ्याबद्दल एवढेच खरे आहे. त्या गैरहजर आहेत. त्यांची अमानत आपल्या हाती आहे.

आवडीने पसरलेल्या बातमीला इंटरनेटही लागत नाही. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि पृथ्वीवर येऊन इस्लाम कबूल केला, ही गोष्ट 1980 च्या दशकात इंडोनेशियापासून इजिप्तपर्यंत सांगितली जात होती. आर्मस्ट्राँग यांनी ती नाकारली. 1983 साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मुस्लिम देशांतील आपल्या वकिलातींना तसे कळवलेही. तरी ती गोष्ट आजही मोबाईलवर येते. इस्लामला आर्मस्ट्राँगच्या गवाहीची गरज होती काय? दीनच्या मोठेपणासाठी खोट्याचा टेकू घेणे म्हणजे दीनवर आपला पुरेसा यकीन नसल्याचीच कबुली देणे होय.

येथे कोणी म्हणेल की, आमच्या समाजाविरुद्ध एवढे खोटे पसरवले जाते आणि तुम्ही आम्हालाच उपदेश करता? खोटे पसरवले जाते हे खरे आहे. मार्च 2020 मध्ये निजामुद्दीन मरकजच्या निमित्ताने काय काय फिरले ते वाचक विसरले नसतील. बोहरा समाजात अन्नाचा कणही वाया जाऊ नये म्हणून ताट-चमचे चाटून स्वच्छ करण्याचा रिवाज आहे. त्याची एक जुनी चित्रफीत 'हे लोक थुंकी लावून रोग पसरवत आहेत' अशा मजकुरासह घरोघर गेली. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे दिसते, असे मत नोंदवले. निकाल आला, पण चित्रफीत ज्यांनी पाहिली त्यांतल्या कितीजणांनी निकाल वाचला असेल?

आमचे म्हणणे असे की, त्या दिवसांत आपण 'गैरहजर माणूस' होतो. ज्या घरांत ती चित्रफीत पाहिली जात होती, तेथे आपली बाजू सांगायला आपण नव्हतो. त्या घरातल्या एखाद्या मुलाने 'हे कधीचे आहे, कोठले आहे' एवढे विचारले असते तर आपल्याला किती बरे वाटले असते! जे दुसऱ्याच्या मुलाने आपल्यासाठी करावे असे वाटते, ते आपल्या मुलाने दुसऱ्यासाठी करावे. राईनपाड्याचे गोसावी त्या दिवशी असेच गैरहजर होते. शरीराने समोर होते, पण त्यांचे म्हणणे कोणाच्या कानापर्यंत पोचत नव्हते.

आता हे शिकवायचे कसे? याबाबतीत आपल्या मुलांपाशी एक जुना वारसा आहे. हदीस जमा करणाऱ्यांनी मजकुराआधी सनद विचारली. कोणी कोणाकडून ऐकले, दोघे खरोखर भेटले होते काय, एका काळातले होते काय? इमाम बुखारी आणि इमाम मुस्लिम हे हिजरीच्या तिसऱ्या शतकातले. त्यांच्या आधी आणि नंतरही रावींच्या चरित्रांचे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. रावीमध्ये दोन गुण पाहिले जात. एक अदालत, म्हणजे त्याची सचोटी. दुसरा जब्त, म्हणजे ऐकलेले अचूक सांभाळण्याची त्याची कुवत. नमाज-रोजाचा पक्का माणूससुद्धा जब्तमध्ये कच्चा असेल, तर त्याची रिवायत कमजोर ठरे.

हा फरक वर्गात फार उपयोगी पडतो. "मेरे अब्बा ने भेजा है, झूठ थोडी होगा," असे मूल म्हणते. त्याला अब्बांवर शंका घ्यायला सांगणे बेअदबी ठरेल आणि त्याची गरजही नाही. अब्बांची अदालत कायम. प्रश्न जब्तचा आहे. अब्बांनी हे कोठून घेतले, आणि ज्याच्याकडून घेतले त्याने कोठून? माणसाची इज्जत राखून बातमी तपासता येते, हे मुलाला एकदा समजले की त्याच्या मनावरचे ओझे उतरते. रावीतले दोष सांगणे म्हणजे गीबत नव्हे काय, असा सवाल त्या काळीही उठला होता. उलमांनी उत्तर दिले की, मजा म्हणून दोष सांगणे गीबत आहे, पण लोकांना नुकसानीपासून वाचवण्यासाठी जरूर तेवढे सांगणे हे कर्तव्य आहे.

दुसरी गोष्ट, रावी भरवशाचा आहे काय हे खुद्द रावीला विचारत नसत. त्याला ओळखणाऱ्यांना विचारत. संकेतस्थळाबाबत मुले, आणि मोठेही, नेमके येथे चुकतात. ते संकेतस्थळ सुंदर आहे काय, भाषा शुद्ध आहे काय, 'आमच्याविषयी' या पानावर काय लिहिले आहे, हे पाहतात. म्हणजे आरोपीलाच त्याचे चारित्र्य विचारतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 साली मांडलेल्या अभ्यासात 10 इतिहासकार, 25 विद्यार्थी आणि बातम्यांची तपासणी करणारे 10 पत्रकार यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली होती. विद्वान इतिहासकारही अनेकदा सुबक मांडणीला भुलले. पत्रकार मात्र त्या पानावर फार वेळ थांबलेच नाहीत. ते लगेच बाहेर पडून, या संस्थेबद्दल इतर लोक काय सांगतात ते शोधू लागले आणि लवकर, अचूक उत्तरापर्यंत पोचले. आपले मुहद्दिस हजार-बाराशे वर्षांपूर्वी याच वाटेने गेले होते.

नाव आणि पत्ता यांनीही भुलू नये. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचे, शेवटी 'डॉट ऑर्ग' असलेले एक संकेतस्थळ कित्येक वर्षे चालू होते. मुलांना गृहपाठासाठी माहिती पुरवतो असा त्याचा आव होता. ते चालवत होती स्टॉर्मफ्रंट ही गोऱ्यांच्या वर्चस्वाचा प्रचार करणारी संघटना, आणि आत किंग यांची बदनामी भरलेली होती. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' असेल तर ते सरकारी असते, एवढे मुलांना जरूर सांगावे. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाचा अर्थ मात्र वाटेत कोणी डोकावत नाही, एवढाच. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नाही.

आणि सत्यालाही तारीख असते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिलीपासून मिळत असे. नोव्हेंबर 2022 मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ती बंद झाली. पण जुनी पाने आणि जुने व्हिडिओ अजून तेच सांगत राहतात. ते लिहिणाऱ्याने खोटे लिहिले नव्हते, तेव्हा ते खरेच होते. आज त्यावर विसंबून एखादी मजूर बाई रोजी बुडवून दाखले गोळा करत फिरते आणि कोणीतरी अर्ज भरून देतो म्हणून तिच्याकडून पैसे घेतो. तारीख न पाहता पुढे पाठवलेले खरेसुद्धा कोणाची तरी मजुरी बुडवते.

म्हणून हे कोण सांगते, इतर लोक त्याच्याबद्दल काय सांगतात, आणि हे कधीचे आहे, असे तीन प्रश्न आम्ही फळ्यावर लिहितो. हे तीन तर कोणत्याही शाळेत शिकवता येतील. चौथा आम्ही त्यांच्यापुढे ठेवतो: हे खोटे निघाले तर कोणाचे नुकसान होईल? आमच्या मते हा चौथा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. बिर्याणीची कृती चुकीची निघाली तर एक देगची बिघडेल. पण 'अमुक माणसे मुले पळवतात' हे चुकीचे निघाले तर? शरीअतमध्ये कर्जाच्या व्यवहाराला दोन गवाह सांगितले आहेत. कोणावर बदचलनीचा आरोप करायचा असेल तर चार, आणि ते आणता आले नाहीत तर शिक्षा आरोप करणाऱ्यालाच. नुकसान जितके मोठे, तितका पुरावा भक्कम हवा, हे त्यामागचे तत्त्व आहे. मोबाईलवर बोट टेकवण्यापूर्वी मुलाच्या मनात हा हिशोब यायला हवा.

यावर एक रास्त आक्षेप असा की, रोज शेकडो गोष्टी समोर येतात, कोण किती तपासणार? आणि सगळ्यावरच शंका घेणारे मूल शेवटी कशावरच विश्वास ठेवणार नाही. आक्षेपाच्या दुसऱ्या भागात तथ्य आहे. 27 नोव्हेंबर 2018 पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली, तेव्हा लसीने मुलांना पुढे औलाद होणार नाही अशी अफवा उठली आणि काही ठिकाणी पालकांनी मुले शाळेत पाठवली नाहीत. ते पालक डॉक्टरांवर, सरकारवर शंका घेत होते. पण निनावी आवाजावर त्यांनी मुळीच शंका घेतली नाही. जो सगळ्यांवर शंका घेतो असे म्हणतो, तो बहुधा एका कोणावर तरी आंधळा विश्वास ठेवून असतो. केरळातील कन्नूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनीही लसीच्या अशाच अफवेचा अनुभव घेतला आणि 2018 मध्ये सुमारे 150 सरकारी शाळांत 'सत्यमेव जयते' नावाचा कार्यक्रम चालवून मुलांना खोट्या बातम्या ओळखायला शिकवले. विश्वास कोठे ठेवावा हे शिकवणे हाच शंका शिकवण्याचा हेतू आहे.

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. सगळे तपासण्याची सक्ती कोणावरच नाही. सक्ती आहे ती न तपासलेले पुढे न पाठवण्याची. तहकीक जमत नसेल तर खामोशी जमते. ऐकलेले सारे पुढे सांगत सुटणाऱ्याला आपल्या बुजुर्गांनी खोट्यांच्याच रांगेत बसवले आहे, मग त्याने स्वतः काही रचलेले नसो. जुलै 2018 मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घातले. कंपनी बोटांना बंधन घालू शकते. बोट उचलण्यापूर्वी थांबणारे मन घडवणे हे घराचे आणि शाळेचे काम आहे.

यासाठी शाळेलाही बदलावे लागेल. आपल्या परीक्षेत 'मला माहीत नाही' या उत्तराला शून्य गुण असतात आणि ठोकून दिलेल्या उत्तराला कधी कधी अर्धा गुण मिळून जातो. मग मूल शिकते की, माहीत नसले तरी काहीतरी सांगावेच. याउलट मुफ्तीसाहेब आयुष्यभर अभ्यास करून फतवा लिहितात आणि खाली 'वल्लाहु आलम' लिहितात, म्हणजे अधिक जाणणारा अल्लाह आहे. ज्ञानाच्या शेवटी लिहिला जाणारा हा शब्द आपल्या मुलांनी ज्ञानाच्या सुरुवातीलाच शिकावा, असे आम्हास वाटते.

मजकूर पुढे न पाठवण्याच्या या नेकीला कोणी पाहणारा नसतो. कोणत्या मुलाने कोणता मजकूर मोबाईलमध्येच थांबवला आणि त्यामुळे कोठल्या बाजारात कोणते पाच जण सुखरूप घरी गेले, हे कधीच कोणाला कळणार नाही. त्या माणसांनाही कळणार नाही. पण अमानत अशीच असते. जिचा मालक हिशोब मागायला समोर उभा नाही, ती सांभाळण्यातच माणसाच्या ईमानाची परीक्षा होते. आपली मुले संगणकात मागे पडू नयेत, याची काळजी आपण घेतोच आहोत. या परीक्षेतही ती मागे पडू नयेत, याची काळजी घेऊ या.